होम्सचे नाव आणि भाजीचे वाफे

जपानी दूरचित्रवाणीवर २०१० सालच्या ऑक्टोबरात ‘तांतेई ओपेरा मिल्की होम्स’ नावाची एक व्यंगपटमालिका सुरू झाली. योकोहामा शहरात गुप्तहेर घडविणारी एक शाळा आहे, तिला शेरलॉक होम्सचे नाव दिलेले आहे आणि त्या शाळेतील चार मुलींचे एक नामांकित पथक चोरांचा पाठलाग करीत असते, अशी तिची मांडणी. या मुलींना काही अद्भुत शक्ती लाभलेल्या आहेत. पहिल्याच भागात एका धुमश्चक्रीत त्या शक्ती नाहीशा होतात आणि कालपर्यंत शाळेचे भूषण असलेल्या या चौघींची रवानगी माळ्यावरच्या खोलीत होते. पोटासाठी त्यांना भाजीपाला पिकवावा लागतो. गुप्तहेरगिरीची अक्कल त्यांच्यापाशी मुळात होती की नाही, अशी शंका प्रेक्षकाला यावी इतक्या त्या गोंधळलेल्या. चोर डोळ्यांदेखत वावरत असतात आणि त्यांना पत्ता नसतो.

गोष्ट एवढीच. पण तिच्याभोवती संदर्भांचे जे दाट जाळे विणलेले आहे, त्यामुळे ही मालिका आणि तिच्यासारख्या इतर मालिका थोड्या विचाराला पात्र ठरतात. जुन्या कलाकृतींची, पात्रांची, नटांची आणि नावांची आठवण जागवून हसविण्याचा हा प्रकार आज जपानी व्यंगपटांत, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘ॲनिमे’त, सर्रास आढळतो. आपल्याकडचे महाविद्यालयीन विद्यार्थीही हे व्यंगपट उपशीर्षकांच्या आधाराने आवडीने पाहतात. प्रश्न असा, की ज्या आठवणीवर हा विनोद उभा आहे ती आठवणच प्रेक्षकापाशी नसेल, तर त्याच्या हाती काय उरते?

चौघींची नावे पाहावीत. शेरलॉक शेरिनफर्ड, नीरो युझुरिझाकी, हर्क्यूल बार्टन आणि कॉर्डेलिया ग्लॉका. पहिल्या नावाचे मूळ सांगायला नको. पण ‘शेरिनफर्ड’ कोठून आले हे होम्सच्या कथा तोंडपाठ असलेल्यांनाही चटकन सांगता येणार नाही. कॉनन डॉइलने आपल्या नायकाची जुळवाजुळव करताना केलेल्या एका टिपणात त्याचे नाव शेरिनफर्ड होम्स असे आहे. म्हणजे होम्सचे टाकून दिलेले पहिले नाव उचलून या मुलीला आडनाव म्हणून दिलेले आहे. नीरो ही रेक्स स्टाउटच्या नीरो वुल्फवरून आली. १९३४ साली अवतरलेला हा अवाढव्य गुप्तहेर घराबाहेर न पडता, उत्तम जेवण आणि ऑर्किडची फुले यांच्या सहवासात खुनाची उकल करीत असे. कॉर्डेलियाच्या मागे पी. डी. जेम्स यांची कॉर्डेलिया ग्रे ही १९७२ सालच्या कादंबरीतील तरुण नायिका आहे. ‘ग्रे’ म्हणजे करडा, आणि ‘ग्लॉका’ हा निळसर करड्या रंगासाठी असलेला लॅटिन शब्द. कोड्याची एवढी हौस एखाद्या विद्वानालाच असावी.

हर्क्यूल बार्टनची गंमत याहून वेगळी आहे. ॲगाथा क्रिस्तीने आपल्या बेल्जियन गुप्तहेराला हर्क्यूल पॉयरो हे नाव दिले तेव्हाच त्यात एक चेष्टा होती. हर्क्युलीस हा ग्रीक पुराणातला महाबली. त्याचे नाव मिरवणारा पॉयरो मात्र बुटका, नीटनेटका आणि मिशांना जपणारा. जपानी लेखकांनी हेच नाव एका कमालीच्या लाजाळू मुलीला दिले आणि तिची अद्भुत शक्ती कोणती, तर प्रचंड शारीरिक बळ! क्रिस्तीबाईंनी नावातून काढून टाकलेला महाबली येथे परत आणून बसविला आहे. क्रिस्ती किंवा ग्रीक पुराण यांपैकी एकाचाही गंध नसलेल्या माणसालाही, मान वर न करणारी एक मुलगी भलेमोठे ओझे लीलया उचलते याचे हसू येतेच. संदर्भ कळला तर हसू दुणावते इतकेच. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

चोर आणि पोलिस यांच्याकडे वळले की युरोप मागे पडतो. चोरांची म्होरकी आर्सेन ही मोरिस लब्लाँच्या आर्सेन ल्यूपँची वारसदार. पण तिचे साथीदार जपानी आहेत. त्यांतील ट्वेंटी हा एदोगावा राम्पोच्या ‘वीस तोंडांच्या’ बहुरूपी चोरावरून, म्हणजे १९३६ साली मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीतून आला. रॅट म्हणजे नेझुमी कोझो, उंदीरचोर. श्रीमंत सरदारांच्या वाड्यांत शिरणारा हा चोर १८३२ साली देहदंडाला सामोरा गेला आणि पुढे गरिबांचा कैवारी म्हणून दंतकथेत जगला. तिसऱ्याचे नाव स्टोन रिव्हर. जपानी प्रेक्षक हे इंग्रजी शब्द ऐकतो, मनातल्या मनात त्यांचे जपानीत भाषांतर करतो, ‘इशी’ म्हणजे दगड आणि ‘कावा’ म्हणजे नदी, आणि त्याच्यापुढे उभा राहतो इशिकावा गोएमोन, १५९४ साली उकळत्या कढईत टाकून मारलेला दरोडेखोर. बाबूराव अर्नाळकरांच्या काळ्या पहाडाला कुणी ‘ब्लॅक माउंटन’ म्हणून रंगमंचावर आणावे, तसाच हा प्रकार. मराठी उपशीर्षकात ‘दगडी नदी’ असे लिहून त्याचा अर्थ पोचणार नाही, आणि ‘इशिकावा’ असे लिहिले तर विनोदच संपला.

पोलिसांच्या पथकातही चार मुली आहेत. त्यांपैकी आकेची हे आडनाव राम्पोच्याच आकेची कोगोरो या गुप्तहेराचे. उरलेल्या तिघींची आडनावे झेनिगाता, हासेगावा आणि तोयामा अशी आहेत, आणि येथे जपानच्या आजोबांची पिढी कान टवकारते. झेनिगाता हेइजी हा नोमुरा कोदोच्या कथांतील एदोकालीन शिपाई. गुन्हेगारावर तो नाणी फेकून मारतो. हासेगावा हेइझो हा अठराव्या शतकातला खराखुरा अधिकारी, इकेनामी शोतारोने त्याला कादंबऱ्यांचा नायक केले. तोयामा हाही एकोणिसाव्या शतकातला खरा न्यायाधीश. लोककथेत तो वेषांतर करून गावात हिंडतो आणि न्यायासनावर बसून खांद्यावरचे चेरीच्या फुलांचे गोंदण उघडे करतो. मालिकेतील तोयामाचे पाळण्यातले नाव ‘साकु’ आहे, आणि जपानीत त्या शब्दाचा अर्थ ‘फुलणे’ असा होतो.

ही मंडळी जपानी घराघरांत पोचली ती पुस्तकांपेक्षा दूरचित्रवाणीमुळे. झेनिगाता हेइजीची फुजी वाहिनीवरील मालिका १९६६ पासून १९८४ पर्यंत चालली आणि तिचे ८८८ भाग झाले. रात्रीच्या जेवणाच्या वेळी तीन पिढ्या एकाच पडद्यासमोर बसलेल्या असत, तेव्हाची ही गोष्ट. पुढे हा ऐतिहासिक मालिकांचा प्रकार ओसरत गेला. ‘मितो कोमोन’ ही १९६९ पासून खाजगी वाहिनीवर नेमाने चालत आलेली मालिका २०११ सालच्या डिसेंबरात संपली आणि त्या प्रकारातील साप्ताहिक मालिकांची परंपराच तेथे थांबल्यासारखी झाली. ‘मिल्की होम्स’ तिच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती. म्हणजे ज्या आठवणीला हात घालून ती हसवू पाहत होती, ती आठवण पुरविणारा झरा नेमका त्याच सुमारास आटत होता. ज्या मुलाने हेइजीला नाणे फेकताना कधी पाहिलेच नाही, त्याच्यासाठी झेनिगाता हे व्यंगपटातील एका पोलिस मुलीचे आडनाव आहे, एवढेच.

यावर कुणी म्हणेल, की उसने घेणे हा जपानी कलेचा जुना धर्मच आहे. ते खोटे नाही. त्यांच्या अभिजात कवितेत जुन्या कवितेतील ओळ घेऊन तिच्यावर नवी कविता रचण्याला ‘होन्कादोरी’ असे रीतसर नाव आहे. काबुकी नाटककार आधी प्रेक्षकांच्या परिचयाचे एखादे ‘जग’ निवडीत आणि मग त्यात आपली नवी कल्पना घालीत. गोएमोन आणि उंदीरचोर दोघेही त्याच वाटेने रंगभूमीवर आले आहेत. पण या परंपरेत एक अट गृहीत होती: जुने जग प्रेक्षकाला खरोखरच ठाऊक असे. ते त्याने ऐकलेले, पाहिलेले, आईच्या तोंडून आलेले असे. आजच्या मालिकेपुढे बसलेल्या प्रेक्षकाबद्दल एवढी खात्री कुणाला देता येईल? शिवाय ‘मिल्की होम्स’ हा बुशिरोड या पत्त्यांचे खेळ विकणाऱ्या कंपनीचा प्रकल्प. व्यंगपट, दूरदर्शनसंचावरचे नव्हे तर हातात धरून खेळायचे इलेक्ट्रॉनिक खेळ, पत्ते आणि गाणी असा तो एकत्रित व्यवहार होता. अशा ठिकाणी थोर नावे ही आठवण जागविण्यासाठी येतात की मालावर चिकटविण्याच्या चिठ्ठ्या म्हणून येतात, हे नेहमीच सांगता येत नाही.

मात्र याचा सगळा दोष जपानी व्यंगपटांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गुप्तहेरकथा ही जन्मापासूनच आपल्या पूर्वजांची टिंगल करीत आलेली आहे. १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स हा पोच्या द्यूपँला सामान्य कुवतीचा ठरवून मोकळा होतो. पाच वर्षांच्या आत खुद्द होम्सचे विडंबन सुरू झाले. १८९२ साली रॉबर्ट बारने ‘शेरलॉ कोम्ब्ज’ उभा केला. १९०६ साली लब्लाँने आपल्या चोराला होम्सशी भिडविले, आणि डॉइलने हरकत घेतल्यावर अक्षरांची अदलाबदल करून ‘हर्लॉक शोल्म्स’ असे नाव दिले.

या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र क्रिस्तीबाईंचे आहे. १९२९ साली त्यांचा ‘पार्टनर्स इन क्राइम’ हा कथासंग्रह निघाला. टॉमी आणि टपेन्स हे जोडपे त्यात गुप्तहेर कचेरी चालविते, आणि जवळजवळ प्रत्येक कथेत त्या काळच्या एकेका लोकप्रिय गुप्तहेराची नक्कल करते. तेव्हाच्या इंग्रज वाचकाला या नकला सहज ओळखू येत असणार. आज होम्स, फादर ब्राऊन आणि संग्रहाच्या शेवटी येणारा पॉयरो सोडले तर बाकीच्यांची नावे सांगूनही वाचकाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. आपण नकला केलेल्या गुप्तहेरांपैकी काही आता आपल्यालाच ओळखू येत नाहीत, असे क्रिस्तीबाईंनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. संग्रह अजून छापला जातो आणि वाचलाही जातो. पण तो त्या नवराबायकोच्या खेळकर नात्यासाठी. नकला त्यात आहेत, त्या कुणाच्या हे विचारण्याची तसदी वाचक घेत नाही.

या कसोटीवर आजची सर्वांत गाजलेली जपानी गुप्तहेरमालिका लावून पाहण्यासारखी आहे. आओयामा गोशो यांची ‘मेइतांतेई कॉनन’ ही चित्रकथा १९९४ साली सुरू झाली, तिचा व्यंगपट १९९६ पासून चालू आहे आणि त्याचे हजाराहून अधिक भाग झाले आहेत. ती विडंबन नव्हे, पण नावांच्या बाबतीत तिने ‘मिल्की होम्स’ला वाट दाखविली असे म्हणता येईल. विषप्रयोगामुळे लहान मुलगा झालेला नायक घाईघाईने खोटे नाव घेतो ते कपाटातल्या पुस्तकांवरून: एदोगावा राम्पोचे ‘एदोगावा’ आणि डॉइलचे ‘कॉनन’. राम्पो हे टोपणनावही मुळात एडगर ॲलन पो या नावाचा जपानी उच्चार आहे! त्या विषाचा क्रमांक ४८६९. जपानी पद्धतीने हे आकडे ‘शि-या-रो-कु’ असे वाचले की शेरलॉकचा उच्चार कानावर येतो. पोलिस निरीक्षक मेगुरे म्हणजे सिमेनाँचा मेग्रे, गाव बेइका म्हणजे बेकर स्ट्रीट, आणि झोपाळू गुप्तहेराच्या कचेरीखालच्या कॉफीगृहाचे नाव पॉयरो. या नावांचे लेखकाने कधी अवडंबर माजविले नाही. कळली तर कळली. गोष्ट त्यांच्यासाठी अडून राहत नाही.

पुढे मात्र त्याच मालिकेत निराळ्या जातीचा संदर्भ आला. १९७९ सालच्या ‘गंडाम’ या अंतराळयुद्धाच्या व्यंगपटात आमुरो रे हा नायक आणि ‘लाल धूमकेतू’ म्हणून ओळखला जाणारा शार हा त्याचा प्रतिस्पर्धी. त्यांना अनुक्रमे फुरुया तोरु आणि इकेदा शुइची या नटांनी आवाज दिला होता. ‘कॉनन’मध्ये आमुरो तोरु आणि आकाई शुइची ही दोन पात्रे एकमेकांशी वैर धरून उभी राहिली. ‘आकाई’ म्हणजे लाल. एकाचे खरे नाव फुरुया रे निघाले. आवाजही त्याच दोन नटांचे. पात्र, नट आणि जुना व्यंगपट यांची अशी गुंफण, की चाळिशीतला जपानी बाप मुलाशेजारी बसून एकटाच हसावा. पण या कोटीचा अर्धा भार आवाजावर होता. २०२४ साली फुरुया यांनी ती भूमिका सोडली आणि दुसरा नट आला. पात्र चालू आहे, लोकप्रियही आहे. त्याच्या नावातली कोटी मात्र आता केवळ कागदावर आहे. माणसाच्या आवाजाला बांधलेला विनोद त्या माणसाबरोबर निघून जातो, हे पंधरा भागांत नव्हे तर एका बदलात दिसून आले.

याच्या उलट उदाहरण त्याच घराण्यातले आहे. ‘कॉनन’मध्ये खुनी कोण हे उघड होईपर्यंत त्याला नखशिखान्त काळ्या सावलीच्या रूपात दाखवितात, दिसतात ते फक्त डोळे आणि दात. कांबा मायुको या चित्रकर्तीने २०१७ साली या काळ्या आकृतीलाच नायक करून ‘हान्निन नो हान्झावा-सान’ ही विडंबनकथा सुरू केली. २०२२ साली तिचाही व्यंगपट झाला. ‘हान्निन’ म्हणजे गुन्हेगार. तेव्हा नावाचा अर्थ साधारण ‘गुन्हेगार गुन्हेगावकर’ असा होईल. हा भोळा जीव एका माणसाचा खून करण्याच्या इराद्याने खेड्यातून बेइकाला येतो. पण वर्षानुवर्षे दर आठवड्याला जेथे खून पडतो, ते गाव काय लायकीचे असणार? गुन्ह्यांच्या प्रमाणात जगात अग्रेसर असलेल्या त्या गावात खोली मिळविणे, नोकरी मिळविणे आणि मुख्य म्हणजे जिवंत राहणे, यातच खुन्याची दमछाक होते. मूळ मालिकेतील अनेक बारीक खुणा यात विखुरलेल्या आहेत. पण शहरात नव्याने आलेल्या, भाड्याची खोली शोधणाऱ्या घाबरट माणसाची कळा ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या खुणांवाचूनही हा हान्झावा कळतो. मुंबईत पहिल्यांदा उतरलेल्या कुणाही कारकुनाला तो परका वाटणार नाही.

हिगाशिनो केइगो यांनी १९९६ साली ‘मेइतांतेई नो ओकिते’ या पुस्तकात असाच मार्ग धरला होता. त्यातील गुप्तहेर आणि निरीक्षक या दोघांनाही आपण रहस्यकथेतील पात्रे आहोत हे माहीत असते. बंद खोलीतला खून पुन्हा एकदा समोर आला की दोघेही कंटाळतात, आणि तरीही चकित झाल्याचे नाटक वठवतात. कारण निरीक्षकाने चुकीच्या माणसाला पकडलेच पाहिजे, असा त्या धंद्याचा दंडक आहे. येथे चेष्टा एखाद्या नावाची होत नाही. चेष्टा होते ती साच्याची, आणि साचा सर्व भाषांत सारखाच असल्याने तळटिपेची गरज पडत नाही.

तळटिपांचा हा मुद्दा मराठी शिक्षकांना नवा नाही. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली निघाली तेव्हा ज्या कवींचे विडंबन त्यात होते, ते रविकिरण मंडळाचे कवी लोकांच्या तोंडी होते. आज विद्यार्थ्याच्या हाती विडंबन आधी पडते आणि मूळ कविता, पडलीच तर, नंतर. तरीही त्यातील काही कविता वर्गात हशा पिकवतात, काही मात्र शिक्षकाने अर्धा तास मूळ कवितेची ओळख करून दिल्यावरही थंडच राहतात. ज्यांत कविपणाचा आव, प्रेमाचे उसने उमाळे, साहित्यिक मिरवणूक यांवर बोट ठेवले आहे त्या टिकल्या. ज्यांचा सगळा जीव एखाद्या विशिष्ट ओळीच्या नकलेत होता त्या कोमेजल्या. जपानी व्यंगपट पाहणारा विद्यार्थी आज नेमक्या याच अवस्थेत आहे. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला कुणीतरी तयार केलेली संदर्भांची यादी. विनोद घडतो, मग तो थांबवून यादी पाहतो, आणि मग आपल्याला कळले याचे समाधान मानतो. ते समाधान शब्दकोडे सुटल्याचे असते. त्याला हसण्याशी गल्लत करू नये. अर्थात, त्यात वाईट काही नाही. कोड्याच्या निमित्ताने एखादा विद्यार्थी पी. डी. जेम्सच्या कादंबरीपर्यंत पोचला तर यादी करणाऱ्याचे उपकारच मानावे लागतील.

‘मिल्की होम्स’मधली खरी जमलेली गोष्ट यादीत येत नाही. शाळेच्या विद्यार्थी-मंडळाची कडक अध्यक्षा आंरिएत हीच रात्री आर्सेन होऊन चोऱ्या करते. या चार मुलींना ती छळते, हाकलून देण्याच्या धमक्या देते, माळ्यावर ठेवते. पण तिचा हेतू त्यांनी पुन्हा थोर गुप्तहेर व्हावे हाच आहे. तोलामोलाचा गुप्तहेर पाठीवर नसेल तर चोरीत राम कसला? आणि मुली मात्र दर वेळी तिची निराशा करतात. २०१२ साली दुसरी मालिका सुरू झाली तेव्हा तर त्या शेतीत इतक्या रमल्या होत्या, की शक्ती परत मिळविण्याचा विषयच त्यांच्या मनातून गेलेला दिसतो. होम्स, पॉयरो, वुल्फ आणि ग्रे यांची नावे सांगणाऱ्या चौघी वाफ्यांना पाणी घालीत आहेत, आणि दूर उभी राहून त्यांच्या उद्धारासाठी तळमळणारी एकमेव व्यक्ती म्हणजे चोर आहे. मुलाने वकील व्हावे म्हणून झुरणारा बाप, हुशार शिष्य वाया गेला म्हणून हळहळणारा मास्तर, ही माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला या दृश्यासाठी लब्लाँ वाचलेला असण्याची गरज नाही.

राम्पोच्या निधनाला १९६५ साली जी पन्नास वर्षे मोजायला सुरुवात झाली ती पुरी झाल्यामुळे, २०१६ पासून त्याचे साहित्य जपानात कुणालाही छापता येते. ‘दोन सेनचे तांब्याचे नाणे’ ही त्याची १९२३ सालची पहिली कथा. एका नाण्यात दडविलेल्या सांकेतिक चिठ्ठीची ही गोष्ट, आणि तिच्या शेवटी हुशारी मिरविणाऱ्या गुप्तहेराचीच फजिती होते.